निळ्या पंपाने आईंची छाती धडधडते, मग पंप बंद करायचा का?

पत्र असं आलंय:

"काकू, आम्ही सुदामा नगरला राहतो. सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, दमा वीसेक वर्षांपासून. दोन पंप आहेत, एक निळा आणि एक सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. निळा घेतला की हात थरथरतात, छाती धडधडते. दिवाळीत चुलत दीर आले होते ते म्हणाले पंपाने हार्ट कमजोर होतं, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. तेव्हापासून आईंनी सकाळ-संध्याकाळचा पंप सोडलाच. निळा मात्र आमच्यापासून लपवून घेतात, महिन्याला एक आख्खा संपतोय. बीपीची गोळी चालू आहे. मागच्या आठवड्यात धडधड फारच झाली तर शेजारच्या काकांनी त्यांच्याकडची सिप्लार दिली. दोन दिवस घेतली, धडधड थांबली पण रात्रभर खोकला अन् घरघर. काय करू? आणि वर रंगपंचमीला राजवाड्याजवळ मावशींच्या गॅलरीतून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जायचंच असा हट्ट धरून बसल्यात. - एक सूनबाई, इंदूर"

सूनबाई, आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं सावकाश वाच. ती सिप्लार आईंना परत द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही. उरलेल्या गोळ्या काकांना परत नेऊन दे आणि गोड शब्दांत सांग की आईंना दमा आहे, ही गोळी त्यांना चालत नाही. काकांनी चांगल्या मनानेच दिली असणार, त्यांना स्वतःला तिने बरं वाटत असेल, पण एकाचं औषध दुसऱ्याच्या छातीवर कसं बसेल ते सांगता येत नाही.

सिप्लार म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. आपल्या अंगात ॲड्रेनॅलिन ज्या कुलपांत किल्लीसारखं बसतं त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. ढोबळमानाने हृदयावर बीटा-१ जास्त आणि श्वासनळ्यांच्या स्नायूंवर बीटा-२. निळ्या पंपातलं सालब्युटॅमॉल जाऊन त्या बीटा-२ मध्ये बसतं, आवळलेला स्नायू सैल पडतो आणि श्वास मोकळा होतो. प्रोप्रॅनोलॉल काय करतं, तर दोन्हीकडची कुलपं बंद करून टाकतं. त्यामुळे हृदय शांत झालं, आईंना वाटलं बरं झालं, पण त्याच गोळीने श्वासनळ्या आवळल्या आणि वरून निळा पंप घेतला तरी त्याला बसायला जागाच नाही. त्या दोन रात्रींचा खोकला अन् घरघर त्या गोळीमुळेच असणार, आणि तेवढ्यावर निभावलं म्हणून मी देवाचे आभार मानतेय.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. माझ्या आईला दमा होता, आम्ही तेव्हा रामबागेत वाड्यात राहायचो. त्या काळी दमा म्हणजे लपवायची गोष्ट, घरात लग्नाच्या मुली असल्या तर जास्तच. आईचा पंप देवघरातल्या फडताळात पोथ्यांच्या मागे असायचा, आम्हाला मुलींनाही कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. एकदा छातीत धडधड होते म्हणून एका डॉक्टरांकडे गेली, त्यांनी दमा आहे का विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, आणि हीच प्रोप्रॅनोलॉल लिहून दिली गेली. त्या रात्री पहाटे तीन वाजता तिला रिक्षात घालून नेताना तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिलेत. वाचली ती. पण नंतर ३० वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले आणि प्रत्येक प्रोप्रॅनोलॉलच्या चिठ्ठीला विचारत आले, घरात दमा कुणाला आहे? लोक चिडायचे सुद्धा. चिडू देत.

जाता जाता दोन गोष्टी. आईंच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालता का ते बघ, त्यावर टिमोलॉल लिहिलं असेल तर तेही याच घराण्यातलं औषध, डोळ्यातून अंगात उतरून दमा उठवू शकतं. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांग, थेंब बदलून मिळतात. आणि इतर कुणी हे वाचून बीपी-हृदयासाठीची आपली रोजची ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल एकदम बंद करू नका, त्याही याच घराण्यातल्या, आणि अचानक सोडल्या तर हृदयाला झटका बसू शकतो. त्या प्रामुख्याने हृदयाच्या कुलपावर काम करतात आणि गरज असली तर डॉक्टर दम्याच्या पेशंटलाही जपून देतात. फक्त डॉक्टरांना दमा आहे हे माहीत हवं.

आता तुझा खरा प्रश्न. निळ्या पंपाने धडधड होते का? होते गं. खोटं कशाला सांगू. हृदयावरसुद्धा थोडे बीटा-२ असतातच, शिवाय हे औषध रक्तवाहिन्या जराशा सैल करतं, मग ती कसर भरून काढायला हृदय थोडं जोरात पळतं. हाताच्या स्नायूंवरही तीच कुलपं, म्हणून थरथर, चहाचा कप हलतो. दोन पफनंतर बहुतेकांचं हे अर्ध्या-एक तासात निवतं. त्याने हृदय कमजोर होत नाही, त्याचा स्नायू झिजत नाही. जिना चढल्यावर धडधडतं म्हणून कुणी हृदय कमजोर झालं म्हणत नाही ना, तसंच समज.

पण एक गोष्ट लोक विसरतात, दम लागला की पंप न घेताही हृदय पळतंच. श्वास अडलाय, ऑक्सिजन कमी पडतोय, माणूस घाबरलाय, ठोके वाढणारच. पंप नेमका त्याच वेळी हातात असतो म्हणून आळ त्याच्यावर येतो. त्यामुळे असं कर, आईंना दम लागला की पंपाच्या आधी मनगटावर नाडी मोज, पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून, मग पंप घेऊ दे आणि पंधरा मिनिटांनी परत मोज. पण दम जोराचा असला तर मोजत बसू नकोस, आधी पंप. शांत बसलेल्या माणसाची नाडी ६० ते १०० च्या मध्ये असते. चार-पाच वेळा लिहून ठेव, कॅलेंडरच्या मागे लिहिलं तरी चालेल. कितीतरी घरांत आधीचा आकडाच जास्त निघतो, म्हणजे धडधड दम्याची होती, आणि पंपाने ती उतरली. नाडी बोटाखाली एकसारखी न लागता मध्येच चुकतेय, अडखळतेय असं वाटलं तर मात्र ते वेगळं, ईसीजी काढायचाच.

दिरांचं "गोळ्या बऱ्या" हे ऐकून मला काउंटरवरचे दिवस आठवले. हा गैरसमज आपल्याकडे इतका पक्का बसलाय की सांगून सोय नाही. हिशोब बघ. निळ्या पंपाच्या एका पफमध्ये सालब्युटॅमॉल १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची गोळी येते २ आणि ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४ ची एक गोळी म्हणजे ४० पफ! आणि पंप सरळ फुप्फुसात जातो, गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात, हृदयाकडे सुद्धा, मग उरलंसुरलं श्वासनळीला. म्हणजे ज्या हृदयाला जपायला पंप सोडला त्याच हृदयावर गोळीने जास्त भार पडला. डेरिफायलिन या दम्याच्या गोळीचंही तेच, त्यातलं थिओफायलिन कामाचं आहे पण फायद्याचा डोस आणि त्रासाचा डोस यांत अंतर फार कमी, जास्त झालं की मळमळ, धडधड, हृदयाचे ठोके बिघडणं, आकडी सुद्धा. त्यात कुणी तापासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं तर रक्तातलं थिओफायलिन अजून वाढतं. दवाखान्यात जी वाफ देतात, नेब्युलायझर, त्यातही एका वेळी २.५ किंवा ५ मिलिग्रॅम असतं, बरंच हवेत उडून जातं तरी पंपाच्या दोन पफपेक्षा खूप जास्त, म्हणून वाफेनंतर धडधड जास्त वाटते.

बरं, दिरांनी हे आकाशातून आणलेलं नाही. या भीतीला जुना इतिहास आहे. पंप पहिल्यांदा १९५६ साली आले तेव्हा त्यांत आयसोप्रेनॅलिन असायचं, ते हृदय आणि फुप्फुस दोन्हीकडे सारखंच लागायचं. पुढे १९६० च्या दशकात त्याचे जास्त कडक पंप निघाले आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत दम्याने मरणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाच्या पंपाचं तसंच झालं, १९८९ साली तिथल्या डॉक्टरांनी त्याचा मृत्यूंशी संबंध दाखवला, ते औषध मागे पडलं आणि मृत्यू कमी झाले. सालब्युटॅमॉल १९६९ साली बाजारात आलं ते मुळात हृदयाला कमी त्रास व्हावा म्हणूनच शोधलेलं. आजचा निळा पंप म्हणजे ते जुने पंप नाहीत. पण त्या मृत्यूंमागे एक गोष्ट होती ती आजही तशीच आहे आणि तुझ्या घरात घडतेय, लोक पंपावर पंप मारत घरी बसून राहायचे. थोडं बरं वाटायचं म्हणून दवाखान्यात जायचे नाहीत आणि आतून श्वासनळी सुजत जायची.

म्हणून पत्रातली मला सगळ्यांत जास्त खटकलेली ओळ "छाती धडधडते" ही नाही. "महिन्याला एक आख्खा संपतोय" ही आहे. एका निळ्या पंपात २०० पफ. महिन्याला एक म्हणजे दिवसाला सहा-सात पफ, वर्षाला बारा पंप. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणारी गिना नावाची जागतिक संस्था आहे, ती सांगते की वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असले तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागले तर जीवाचा धोका वाढतो. इथे पंप विष आहे असं नाही, इतका निळा पंप लागतोय याचा अर्थ दमा आत धुमसतोय. आणि रोज रोज घेतल्याने ती बीटा-२ कुलपंही सुस्त होतात, आज जे दोन पफमध्ये व्हायचं त्याला उद्या चार लागतात.

निळा पंप फक्त स्नायू सैल करतो, सूज उतरवत नाही. सूज उतरवायचं काम त्या सोडून दिलेल्या पंपाचं. तू नाव लिहिलं नाहीस, पण सकाळ-संध्याकाळचा म्हणजे त्यात बहुधा बुडेसोनाइड किंवा फ्ल्युटिकासोन असणार, ही इनहेल्ड स्टेरॉइड, आणि सोबत फॉर्मोटेरॉल किंवा सालमेटेरॉल. स्टेरॉइड शब्द ऐकून घाबरू नकोस, ही मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि हृदयाला त्यांचा त्रास नाही म्हटलं तरी चालेल, घसा बसतो किंवा तोंडात पांढरं येतं म्हणून घेतल्यावर चूळ भरायची इतकंच. सोबतचं औषध निळ्याच्याच घराण्यातलं पण बारा-बारा तास टिकणारं, त्याने सुरुवातीला थोडी धडधड होऊ शकते. त्यावरही खूप वाद झालाय. २००६ साली सुमारे २६ हजार पेशंटांवरचा अमेरिकेतला अभ्यास छापून आला, सालमेटेरॉल घेणाऱ्यांत दम्याने मृत्यू जास्त दिसले, तिथल्या सरकारने औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावला होता. पुढे स्टेरॉइडसोबत एकाच पंपात दिलं तर काय होतं यावर मोठमोठे अभ्यास झाले, तसा धोका दिसला नाही, म्हणून २०१७ साली एकत्र पंपांवरून तो इशारा काढला. म्हणजे एकटं द्यायचं नाही, जोडीने द्यायचं. आणि २०१९ पासून तर गिना म्हणते की नुसत्या निळ्या पंपावर मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना ठेवूच नका. पुष्कळ पेशंटांना आता स्टेरॉइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजही आणि गरजेलाही देतात. आईंना हे जमेल का ते छातीच्या डॉक्टरांना मुद्दाम विचार, दोन पंपांचा घोळच मिटेल.

तर या आठवड्यातच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे ने, पुढच्या महिन्यावर टाकू नको. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, दोन्ही पंप आणि डोळ्यांचे थेंब असतील तर तेही पिशवीत घाल. बीपीची गोळी कुठली ते तू लिहिलं नाहीस आणि मला तेच जास्त बघायचं होतं. तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइडसारखं लघवी वाढवणारं औषध असलं तर त्याने पोटॅशियम कमी होतं, आणि निळा पंप खूप घेतला की तोही रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतो. दोन्हीकडून पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय बिघडू शकते. वाफेचे मोठे डोस लागोपाठ घेणाऱ्यांत हे जास्त, पण दिवसाला सहा-सात पफ अन् वरून अशी गोळी, तर रक्त तपासायला काय हरकत आहे, साधी टेस्ट आहे. सोबत ईसीजी. आईंच्या वयात हेही बघायला हवं की धाप सगळी दम्याचीच आहे ना, कारण हृदय कमी पडायला लागलं की रात्री आडवं झाल्यावर दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात, घोटे सुजतात, घरघरही होते, आणि घरात आधीच दमा असला की सगळे म्हणतात दमाच वाढलाय. असं काही असलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतील. आणि सिप्लार दिली होती हे लपवायचं नाही. काकांची बदनामी होईल म्हणून गप्प बसू नकोस.

पंप कसा घेतात ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला लाव. मी पैजेवर सांगते, निम्मं औषध जिभेवर अन् टाळूवर पडत असेल. ते गिळलं जातं, पोटातून रक्तात जातं, फायदा काही नाही. स्पेसर घ्या, तो प्लॅस्टिकचा फुगीर नळा मेडिकलवर मिळतो. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक पफ दाबायचा, सावकाश खोल श्वास, दहा मोजेपर्यंत रोखायचा, मग अर्ध्या मिनिटाने दुसरा. दोन एकदम दाबायचे नाहीत. फुप्फुसात जास्त गेलं की कमी पफ लागतात, आणि पफ कमी झाले की धडधडही आपसूक कमी.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवायला सांग. आईंना बोलताना वाक्य पुरं होत नाहीये, ओठ किंवा नखं निळसर दिसतायत, पंप घेऊन चार तास पण आराम टिकत नाही, किंवा छातीत दाब येऊन हातात-जबड्यात कळ जातेय, चक्कर येऊन पडल्या, तर १०८ ला फोन करायचा नाहीतर शेजाऱ्यांच्या गाडीतून न्यायचं, वाट बघायची नाही. दमाच उठला असेल तर गाडी येईपर्यंत निळा पंप स्पेसरमधून एकेक पफ करत दहापर्यंत देत राहायचा. तेव्हा धडधड होईल म्हणून हात आखडायचा नाही. त्या घटकेला न मिळालेला श्वास हृदयाला पंपापेक्षा कितीतरी जास्त मारतो.

आईंशी बोलशील तेव्हा रागावू नकोस, "तुम्ही लपवून घेता" असं तर अजिबात नको. लपवतात म्हणजे त्यांना लाज वाटतेय नाहीतर तुम्हा मुलांना त्रास नको असं वाटतंय, माझ्या आईचं तेच होतं. सरळ म्हण, आई, निळा पंप टेबलावर चष्म्याशेजारी राहू दे, घेतला की मला फक्त आकडा सांगा. सकाळ-संध्याकाळचा पंप दात घासायच्या ब्रशजवळ ठेव, पंप झाला की ब्रश, म्हणजे चूळही होते. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही तर तो आजच सुरू कर, आधी चालूच होता. मात्र त्याचा गुण यायला दिवस लागतात, आठवडे सुद्धा, पहिल्या दोन दिवसांत काही वाटलं नाही म्हणून परत सोडतील त्या, तिथे तू ठाम राहा. दिरांना फोन मी सांगितलं म्हणून कर हवं तर, ४० पफचा हिशोब तेवढा ऐकव.

आणि गेर. मला कळतं गं, इंदूरच्या बाईला रंगपंचमीला घरात बसवणं म्हणजे काय ते. पण यंदा नको. टँकरांतून पाणी अन् यंत्रांनी तीन-तीन मजले वर उडवलेला गुलाल, राजवाड्याजवळच्या गॅलरीत ती सगळी धूळ नाकातोंडात जाणार, आणि आईंची श्वासनळी आत्ता सुजलेली आहे. त्यात गव्हाची काढणी झाली की आजूबाजूला नरवाई, म्हणजे शेतात उरलेली खुंटं, जाळतात, तो धूर वेगळाच. यंदा घरी टीव्हीवर लाइव्ह लावा, मावशींनाच इकडे बोलवा, श्रीखंड-पुरी करा. पुढच्या वर्षापर्यंत निळा पंप महिनोन् महिने नुसता पडून राहिला, रात्री झोप सलग लागली, तर डॉक्टरांना विचारून मावशींकडे घेऊन जा, गॅलरीत नाही, आतल्या खोलीत काचेच्या खिडकीमागे, तोंडाला मास्क, पदराने काही होत नाही, आणि पंप अन् स्पेसर तुझ्या पर्समध्ये. पोटॅशियम अन् ईसीजीचा रिपोर्ट आला की मला लिही, बीपीच्या गोळीचं नावही कळव.